हॉटेल वजा करून

"हॉटेल वजा करून सांगा!"

सेदेफनं हे इतक्या ठसक्यात म्हटलं, की समोर बसलेल्या, क्लिनिकच्या तूचे मॅडमचं पेन हवेतच थबकलं.

"वजा... म्हणजे?"

"वजा म्हणजे वजा. तुमच्या पॅकेजमध्ये हॉटेल आहे, विमानतळावरून आणायला गाडी आहे आणि दुभाषा आहे. बरोबर? मी राहते कादिकोयला. इथून निघाले की बोटीनं थेट घरी. तुर्की मला जन्मापासून येतं. तेव्हा हॉटेल वजा, गाडी वजा, दुभाषा वजा. आता बोला, नुसत्या केसांचे किती?"

"अहो, पण ते सगळं फुकट आहे मॅडम!"

"फुकट आहे ना? मग त्या फुकटाचे मला रोख द्या."

तूचे मॅडमनी पेन खाली ठेवलं. इस्तंबूलच्या शिशली भागात त्या बसल्या होत्या, जिथे दर दुसऱ्या इमारतीत केस लावून देतात आणि रस्त्यावर कपाळाला काळी पट्टी बांधलेले, टाळूवर लाल ठिपके मिरवणारे परदेशी पुरुष बिनधास्त आइस्क्रीम खात हिंडतात. त्यांच्याकडे येणारं गिऱ्हाईक लंडनचं नाहीतर मिलानचं. सांगितलेला भाव ऐकायचं आणि 'किती स्वस्त!' म्हणून सही करायचं. कादिकोयच्या बाजारातल्या लोणचेवाल्याची मुलगी त्यांच्या वाट्याला आजवर आली नव्हती.

"बरं," मॅडम सावरल्या. "केस लावायचेत त्या तुमच्या भावाचा फोटो आणलाय का? टाळूचा?"

सेदेफनं मोबाइल पुढे केला. मॅडमनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि भुवया वर गेल्या.

"तुमच्या भावाचे केस... खांद्यापर्यंत आहेत?"

झालं! सेदेफच्या कानाच्या पाळ्या तापल्या. फोटो तिच्याच भांगाचा होता. टाळू दिसेल एवढाच कापून घेतला होता, पण खाली एक लांबलचक बट राहून गेली होती.

"आहेत ना... म्हणजे... तो गिटार वाजवतो."

"ड्रम," मागून एक शांत आवाज आला. "ताई, किती वेळा सांगायचं, धाकटा ड्रम वाजवतो. गिटार मी वाजवतो."

सेदेफ गर्रकन वळली. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक तिशीचा तरुण बसला होता. डोळ्यांत हसू, ओठांवर नाही. आणि डोक्यावर... काय सांगावं! काळेभोर, दाट, लाटालाटांचे केस. तूचे मॅडमनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्या केसांकडे, आणि त्या अगदीच गोंधळल्या.

"हॉटेल वजा झालं की आम्हाला फोन करा," तो उठत म्हणाला आणि त्यानं सेदेफसाठी दार उघडून धरलं.

रस्त्यावर आल्यावर सेदेफनं आधी डोक्यावरची लोकरी टोपी खाली ओढली. मे महिना होता. अशा उन्हात लोकरी टोपी घालणारी त्या रस्त्यावर ती एकटीच असेल.

"तुम्ही कोण?"

"केनान. तुमचा मधला भाऊ."

"मला भाऊ नाही!"

"ते फोटो बघूनच कळलं."

ती हसली. मग आपण हसलो याचाच तिला राग आला. "आणि तुम्ही तिथे काय करत होतात?"

"भाव विचारत होतो."

"कुणासाठी?"

आता मात्र तो बुटाकडे बघायला लागला. "एका माणसासाठी... जवळच्या."

सेदेफनं पुन्हा त्याच्या केसांकडे पाहिलं आणि तिच्या मनात लख्ख उजेड पडला. दलाल! नक्की दलाल. या धंद्यात गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला डोक्यामागे कमिशन मिळतं, हे ती ऐकून होती. आणि इथे 'डोक्यामागे' म्हणजे अक्षरशः डोक्यामागे! असा भरघोस केसांचा देखणा माणूस वाट पाहण्याच्या खोलीत आणून बसवायचा, बाईमाणूस अडचणीत आली की मदतीला धावायचं, मग गोड बोलून आपल्या क्लिनिकात न्यायचं.

"चहा घेणार?" त्यानं विचारलं.

बघा! लगेच चहा!

"घेईन," ती म्हणाली, "पण माझे पैसे मी देणार."

आता तिचं संशयी असणं काही उगाच नव्हतं. तिच्या बाबांनी, हिकमेतनी, तिला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली होती, बाजारात काही घेताना वरचा थर बाजूला करून बघायचा. वर लालबुंद टोमॅटो असतात आणि खाली लगदा. सेदेफ टोमॅटोंना जे लावायची तेच माणसांनाही लावायची. म्हणून तर अठ्ठावीस वर्षांची होऊनही एकटी होती, असं बाबा चिडले की म्हणायचे.

त्यात या वेळी गोष्ट साधी नव्हती. आदल्या हिवाळ्यात आई गेली आणि त्यानंतर सेदेफचे केस गळायला लागले. उशीवर केस, मोरीत केस, आणि एकदा तर... नको ती आठवण... काकडीच्या लोणच्याच्या बरणीत केस. गिऱ्हाईक बरणी परत ठेवून गेलं. त्या दिवसापासून टोपी डोक्यावर बसली ती बसलीच. आईनं लग्नासाठी म्हणून तिच्या हातात चढवलेल्या चार सोन्याच्या बांगड्या होत्या. त्या विकून केस लावून घ्यायचे, असं तिनं बाबांना न सांगता ठरवून टाकलं होतं. आईची तेवढीच एक वस्तू तिच्याकडे उरली होती. ती चुकीच्या माणसाच्या हातात गेली असती तर तिनं स्वतःला कधी माफ केलं नसतं.

चहाच्या टपरीवर केनान म्हणाला, "मी घड्याळजी आहे. सिरकेजीत वडिलांचं दुकान आहे."

सेदेफनं त्याच्या मनगटाकडे पाहिलं. मनगट मोकळं!

"घड्याळजी, आणि हातात घड्याळ नाही?"

"दिवसभर दुसऱ्यांची बघतो. हात तरी मोकळा राहू दे म्हटलं."

उत्तर गोड होतं. म्हणूनच तिला पटलं नाही.

दोन दिवसांनी ती दुसऱ्या क्लिनिकात गेली, तर हा आधीच हजर! तिला पाहून इतका खुलला, की तिलाही हसू फुटलं... आणि लगेच तिनं त्या हसण्याला दटावलं.

"योगायोग?" तिनं डोळे बारीक केले.

"नाही. इथला भाव कमी आहे असं तुम्हीच परवा म्हणालात. म्हणून आलो."

"तुमच्या त्या जवळच्या माणसासाठी."

"हो... त्याच्यासाठी."

मग ते दोघं मिळूनच फिरायला लागले. भाऊ-बहीण म्हणून आत शिरायचं आणि बाहेर पडून पोट धरून हसायचं. एका ठिकाणी भाव लिरात सांगितला, पण लिरा रोज घसरतो, म्हणून तो संध्याकाळपर्यंतच चालेल म्हणाले. एका ठिकाणी युरोत सांगितला आणि वर शांपू देतो म्हणाले. एका ठिकाणी पाठीच्या मसाजची लालूच दाखवली. सेदेफनं मसाजही वजा करून मागितला. केनान शेजारी बसून ऐकायचा, आणि ती घासाघीस करायला लागली की त्याच्या डोळ्यांत असं काही यायचं, की तिचा आकडाच चुकायचा.

"असं बघू नका," एकदा ती बाहेर आल्यावर म्हणाली. "तुमच्यामुळे मी शंभर युरो जास्त बोलले."

"मग मी डोळे मिटून बसतो."

"नको. मग आणखीच चुकेल..." बोलून गेली, आणि टोपीच्या आत घामाघूम झाली.

पण संशय काही पिच्छा सोडेना. बोटीवर तो कधी बाहेर वाऱ्यात उभा राहायचा नाही. दक्षिणेचा लोदोस वारा सुटला की आतल्या बाकावर कोपरा धरून बसायचा, एक हात डोक्यापाशी. कुणापासून लपतोय हा? मुळं कशी काढतात, कशी लावतात, किती धरतात, किती मरतात, सगळं त्याला तोंडपाठ. साध्या घड्याळजीला हे कशाला माहीत असेल? आणि एक दिवस तर त्यानं कहरच केला.

"सेदेफबाई, रागावू नका," तो म्हणाला. "तुम्ही आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. सरकारी दवाखान्यात. बायकांचे केस वेगळ्या कारणानं जातात. ही मंडळी तुम्हाला कधीच 'नको' म्हणणार नाहीत."

तिनं टोपी आणखी खाली ओढली. भावाचं नाटक पहिल्याच दिवशी उघडं पडलं होतं, पण केस तिचेच आहेत हे दोघांपैकी कुणीच आजवर तोंडानं म्हटलं नव्हतं. त्यानं ते किती हळू उच्चारलं... आणि तरी तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की त्या डॉक्टरकडूनही याला काहीतरी मिळत असणार.

केनान लोणच्याच्या दुकानात यायला लागला. बाबा त्याला लोणच्याचं आंबट पाणी पेल्यात भरून द्यायचे, तिखट घालून. तो डोळे मिचकावत एका घोटात संपवायचा. बाबा भलतेच खूश! स्वतःच्या तुळतुळीत टकलावर हात फिरवत ते म्हणायचे, "पोरा, तुझ्या डोक्यावर जंगल आहे रे! माझं बघ, तीस वर्षं झाली, कंगव्याचाही खर्च नाही."

केनान हसायचा. पण ते हसणं जरा वाकडंच वाटायचं.

मग तो बुधवार उजाडला. केनान दुकानात आला, आणि सेदेफला दिसलं की त्याचे केस आज वेगळेच तरतरीत दिसताहेत, कडा अगदी रेखीव. आता इस्तंबूलात एक रीत आहे. कुणी केस कापून आलं, दाढी करून आलं, न्हाऊन आलं, की समोरच्यानं 'सिहतलेर ओलसुन' म्हणायचं. आरोग्य लाभो! न म्हणणारा माणूस उद्धट. सेदेफही बरणी पुसता पुसता सहज म्हणाली, "सिहतलेर ओलसुन, केनानसाहेब!"

केनानचा चेहरा पांढराफटक पडला. हातातला पेला कलंडला, बीटाचं लाल पाणी फळीवरून खाली ओघळलं. "मी... मला काम आहे," एवढंच पुटपुटून तो निघून गेला.

सेदेफ फडकं हातात धरून उभीच राहिली. माणूस 'आरोग्य लाभो' ऐकून पळतो कशाला? चोराच्या मनात चांदणं! की आज कुणाचं तरी डोकं गाठून दिल्याचं कमिशन घेऊन, नटूनथटून आला होता?

तिला राहवेना. दुसऱ्या दिवशी ती सिरकेजीला गेली. दुकान खरंच होतं, काचेआड घड्याळंही होती. म्हणजे निदान एवढं तरी खोटं नव्हतं. तिला इतकं हलकं वाटलं, की आत जाऊन सरळ विचारूनच टाकावं... तेवढ्यात केनान बाहेर पडला, इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारच्या इमारतीच्या जिन्यात शिरला. तीही मागोमाग चढली. वरच्या मजल्यावर पाटी होती, 'केस सौंदर्य केंद्र'. दार उघडणारी मुलगी म्हणाली, "या केनानसाहेब, कालचं राहिलेलं आज पुरं करून टाकू. तुमची खुर्ची तयारच आहे."

तुमची खुर्ची! म्हणजे इथे याची स्वतःची खुर्चीसुद्धा आहे! सेदेफ जिना उतरली ती भिंतीला धरूनच. दलाल म्हणून तर तिनं त्याला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. मग आज एवढं रडू का येत होतं?

बोटीवर ती बाहेर बसली आणि वारा अंगावर घेत भरपूर रडली. आणि मग, निव्वळ हट्टानं, त्याचं ऐकायचं ठरवलं. सरकारी दवाखान्यात जायचं, तिथल्या डॉक्टरला तोंडावर विचारायचं, 'तुम्ही त्या केनानला किती देता?' आणि प्रकरण संपवायचं.

डॉक्टरीणबाई होत्या, वयस्क, घाईत असलेल्या. केनानचं नाव त्यांनी ऐकलंही नव्हतं. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात कागद बघून चष्म्यावरून म्हणाल्या, "लोह तळाला गेलंय, बाळा. घरात काही दुःख झालं का?"

"आई गेली."

"हं. जेवत नसशील धड. गोळ्या घे, जेव. केस येतील, पण धीर धर. रोपणबिपण तुझ्यासाठी नाहीच. कुणी सांगितलं असेल तर पळ तिथून."

बाहेरच्या बाकावर सेदेफ कितीतरी वेळ मनगटातल्या बांगड्या फिरवत बसली. बांगड्या वाचल्या होत्या. त्यानंच वाचवल्या होत्या. दलाल कधी गिऱ्हाइकाला म्हणतो का, की लावू नका म्हणून? हिशेब कुठेच जुळत नव्हता, आणि हिशेब न जुळणं तिला कधी सोसायचं नाही.

त्या संध्याकाळी तो दुकानात आला. इतक्या दिवसांनी. बाबा मागच्या खोलीत पिंपं धूत होते.

"केनान!" ती म्हणाली. साहेब नाही, तुम्ही नाही. "खरं सांग. डोक्यामागे किती मिळतात तुला?"

"काय?"

"मी पाहिलंय तुला, त्या केंद्रात जाताना! 'तुमची खुर्ची' म्हणाली ती! आणि भाव विचारायला कुठल्या क्लिनिकात गेले, की तू आधीच तिथे. इतकं गोड गोड बोलत होतास... आणि मी मूर्खासारखी..."

"मूर्खासारखी काय?"

"ते नंतर! आधी उत्तर दे."

केनाननं दोन्ही हातांनी केस चाचपले. मग म्हणाला, "तो जवळचा माणूस मीच, सेदेफ. त्या खुर्चीत बसवून माझा टोप चिकटवतात. हे केस... माझे नाहीत."

सेदेफची नजर त्या लाटालाटांच्या केसांवर गेली.

"चोविसाव्या वर्षी टक्कल पडलं. लग्न ठरत होतं, मुलीनं नकार दिला. मग टोप घेतला. वाऱ्यात उभं राहता येत नाही, हमामात अंघोळीला जाता येत नाही. रोपणाचे भाव विचारत सहा महिने फिरतोय. दर वेळी शेवटच्या क्षणी धीर होत नाही. तू त्या बाईला हॉटेल वजा करायला सांगितलंस ना, त्या दिवशी इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा तसल्या खोलीत हसलो."

"मग त्या बुधवारी पळालास का?"

"तू 'सिहतलेर ओलसुन' म्हणालीस." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "टोप लावणाऱ्याला ते कुणी म्हणत नाही. ज्यांना माहीत असतं ते गप्प राहतात. ज्यांना नसतं त्यांना वाटतं केस कायम असेच असतात. मी लहान असताना न्हाव्याकडून घरी आलो, की आई दारातच म्हणायची. आणि ती चुकीचं म्हणायची... 'साआतलेर ओलसुन'. घड्याळजीची बायको ना! सिहत म्हणजे आरोग्य हे तिच्या कधी ध्यानातच आलं नाही. साआत म्हणजे घड्याळ आणि तासही, म्हणजे घड्याळं लाभोत, तास लाभोत, असं म्हणायची. आम्ही हसायचो. आता ती नाही. तू बोललीस आणि वाटलं, मी चोरून घेतोय हे... खोट्या केसांवर."

सेदेफच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तरीही... काय करणार, स्वभाव! मनाच्या कोपऱ्यात तो जुना संशय अजून पाय रोवून उभा होता. गोष्ट फारच सुंदर होती. वरचा थर फारच लाल होता.

"मला कसं कळणार, हेही खरं आहे की नाही?" ती पुटपुटली.

तो जखमी झाल्यासारखा हसला. "उद्या येतो," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपार उलटली तरी तो आला नाही. सेदेफनं गाजराच्या बरणीत दोनदा मीठ घातलं. बाबांनी चव बघून तोंड वेडंवाकडं केलं आणि बरणी बाजूला ठेवली. येणार नाही, ती स्वतःला सांगत राहिली. पुरावा मागितला ना? घे आता! ज्या माणसानं तिच्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं, त्याच्याकडे तिनं पुरावा मागितला होता. त्याच्या आईची आठवण टोमॅटोसारखी उलथून पाहिली होती. आणि ती त्याच्यावर प्रेम करत होती, हे आता, मीठ घातलेल्या गाजरांसमोर, तिला अगदी स्वच्छ कळलं.

बाहेर लोदोस सुटला होता. दुकानाचं कापडी छत फडफडत होतं. तेवढ्यात एक टकलं गिऱ्हाईक दारात आलं. उन्हानं डोकं चमकत होतं, कानामागे साबणाचा फेस राहिलेला.

"काय देऊ?" तिनं चेहऱ्याकडे न बघता विचारलं.

"मिश्र लोणचं. हॉटेल वजा करून."

सेदेफचं डोकं झटक्यात वर आलं. तेच डोळे, हसणारे. वाऱ्यात उभा होता तो, भर वाऱ्यात, दोन्ही हात खाली सोडून. टाळू पांढरी होती, कपाळ उन्हानं रापलेलं, आणि दोहोंच्या मध्ये सरळ रेघ. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेलं सगळं तिच्यासमोर उघडं होतं.

मागच्या खोलीतून बाबा बाहेर आले, त्यांनी पाहिलं, स्वतःच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "ये रे पोरा, आता आपला झालास!" मग मुलीचं तोंड बघून आल्या पावली मागे फिरले.

केनान नुसता थांबला. न्हाव्याकडून आलेला माणूस जसा दारात थांबतो तसा.

सेदेफनं डोक्यावरची लोकरी टोपी काढली. विरळ भांग उघडा पडला, वारा थेट टाळूला लागला, आणि किती दिवसांनी लागला! ती फळीच्या या बाजूला आली. हात वर करून तिनं त्याच्या कानामागचा फेस अंगठ्यानं पुसला. मनगटातल्या बांगड्या त्याच्या टकलावर हलकेच वाजल्या.

"साआतलेर ओलसुन," ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं, ते त्यानं पुसलंही नाही. मग एक डोळा उघडून, अगदी हळूच, त्यानं विचारलं, "किती तास?"

"सगळे," सेदेफ म्हणाली. "आणि यातून काहीही वजा करायचं नाही."